महाराष्ट्र वाद करावयास कसा शिकला

आपल्याकडील प्राचीन नैयायिकांनीं दोन पक्षांमधील संभाषणाचे तीन प्रकार मानिले आहेत. पहिला वाद, दुसरा जल्प आणि तिसरा वितंडा. सत्य काय आहे हें समजून घ्यावें एवढ्याच हेतूनें जें संभाषण चालतें तो वाद होय. सत्य बाजूला राहून प्रतिपक्षाला जिंकावें ही इच्छा बळावली म्हणजे त्याचा जल्प होतो. आणि स्वतःचें असें कोणतेंच मत न मांडतां केवळ दुसऱ्याच्या मताचें खंडन करीत राहणें ही वितंडा. गौतमाच्या न्यायसूत्रांत हा भेद सांगितलेला आहे. पुढें व्यवहारांत मात्र हे तिन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. 'उगाच वाद घालूं नकोस,' असें आई मुलाला बजावते, तेव्हां तिच्या मनांत जल्प किंवा वितंडा असते. वाद ही ज्ञान मिळविण्याची एक रीत आहे, हा मूळचा अर्थ तेथें लोपलेला असतो.

तो अर्थ पुन्हां व्यवहारांत आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रांत एकोणिसाव्या शतकांत झाला. त्यापूर्वीं शास्त्रार्थ होत नव्हते असें नाहीं. पंडितांच्या सभा भरत व त्यांत पूर्वपक्ष, उत्तरपक्ष अशा क्रमानें बोलणें चाले. परंतु तें संस्कृतांत चाले, पंडितांपुरतें असे, आणि सभा उठली कीं त्यांतील बरेचसें हवेंत विरून जाई. छापखाना आला, मराठी शाळा निघाल्या, वर्तमानपत्रें सुरू झालीं, आणि ज्याला अक्षरओळख आहे असा कोणीहि मनुष्य, ज्याला त्यानें जन्मांत पाहिलें नाहीं अशा दुसऱ्या मनुष्याशीं, शेंकडों वाचकांच्या देखत वाद करूं शकूं लागला. हें सामर्थ्य अगदीं नवें होतें. त्याचे नियम कोणालाच ठाऊक नव्हते. ते अनुभवानें, आणि कांहीं प्रसंगीं जबर किंमत देऊन, शिकावे लागले.

या शिक्षणाचा पहिला धडा धर्माच्या क्षेत्रांत मिळाला. स्कॉटलंडचे मिशनरी रेव्हरंड जॉन विल्सन हे १८२९ सालीं मुंबईस आले. त्यांचा व मोरभट दांडेकर यांचा १८३१ सालीं हिंदु व ख्रिस्ती धर्मांविषयीं जाहीर वाद झाला. तोंडी वाद संपला, पण विषय संपला नाहीं. मोरभटांनीं आपलें म्हणणें 'हिंदुधर्मस्थापना' या पुस्तकांत मांडलें. विल्सन यांनीं त्याला इंग्रजींत उत्तर लिहिलें आणि १८३२ सालीं तें प्रसिद्ध करतांना आरंभीं मोरभटांच्या पुस्तकाचें भाषांतर जोडून दिलें. दोघांच्या मतांविषयीं कोणाचा अभिप्राय कसाहि असो, या एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं. उत्तर वाचणाऱ्याच्या हातीं मूळ म्हणणेंहि त्याच पुस्तकांत पडलें. पंडितसभेंत पूर्वपक्ष मांडणें हा शिष्टाचार होता; छापील वादांत तो कसा पाळावा याचें एक उदाहरण येथें मिळालें. प्रतिपक्षाचें म्हणणें आपल्या शब्दांत सांगतांना तें नकळत दुबळें होतें, आणि दुबळ्या केलेल्या म्हणण्याचें खंडन करणें सोपें असतें. त्याचें म्हणणें त्याच्याच क्रमानें वाचकांपुढें ठेविलें म्हणजे ही पळवाट बंद होते.

त्याच १८३२ सालच्या जानेवारीच्या ६ तारखेस बाळशास्त्री जांभेकर यांचें 'दर्पण' निघालें. बाळशास्त्री तेव्हां केवळ विशीच्या आसपासचे होते. पत्राच्या एका स्तंभांत इंग्रजी व दुसऱ्यांत मराठी मजकूर असे. आरंभीं तें पाक्षिक होतें, पुढें लवकरच साप्ताहिक झालें आणि १८४० पर्यंत चाललें. राज्यकर्ते इंग्रजी वाचणार आणि प्रजा मराठी वाचणार, तेव्हां एकच मजकूर दोघांसमोर एकाच पानावर ठेवावा, ही त्यामागची योजना होती. जे आपसांत कधीं बोलत नाहींत त्यांना एकमेकांचें म्हणणें ऐकूं यावें यासाठीं केलेली ती व्यवस्था होती, असें म्हटलें तरी चालेल.

'दर्पण'नंतर १८४१ सालीं भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, यांनीं मुंबईस 'प्रभाकर' पत्र काढलें. या पत्रांत १८४८ पासून १८५० पर्यंत 'लोकहितवादी' या नांवानें पत्रें येऊं लागलीं. तीं लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हां पंचविशींतले होते व सरकारी नोकरींत होते. पुढें हीं पत्रें 'शतपत्रें' या नांवानें प्रसिद्ध झालीं. प्रत्यक्षांत तीं १०८ आहेत. त्यांतील मतांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथें त्यांच्या घाटाकडे पाहावयाचें आहे. प्रत्येक पत्र लहान. त्याला एक विषय. त्या विषयावर लेखकाचें मत निःसंदिग्ध. आणि भाषा घरांत बोलावी तशी. विद्या, व्यापार, विवाहाच्या रूढी, राज्यकारभार असे नाना विषय त्यांत आले, पण एका पत्रांत सगळे विषय कोंबले नाहींत. ज्याला उत्तर द्यावयाचें त्याला नेमकें कशाला उत्तर द्यावयाचें हें कळत असे. चर्चेंत विषय सांभाळणें हा दुसरा धडा होय.

टोपणनांवाचा प्रश्नहि येथें उपस्थित होतो. लोकहितवादींनीं स्वजातीच्या दोषांवर कठोर टीका केली. खऱ्या नांवानें ती करणें त्या काळीं व त्या नोकरींत सोपें नव्हतें. टोपणनांवानें त्यांना मोकळेपणा दिला. परंतु त्या आडोशाचा उपयोग त्यांनीं कोणा व्यक्तीची निंदा करण्यासाठीं केला नाहीं. रूढीवर प्रहार केला. शिवाय दोन वर्षें तेंच एक नांव त्यांनीं चालविलें, त्यामुळें आज लिहिलेल्या शब्दाला उद्यां तेंच नांव बांधलेलें राही. आज एका नांवानें व उद्यां दुसऱ्या नांवानें लिहिणारा मनुष्य कशालाच बांधलेला नसतो, आणि अशा मनुष्याशीं चर्चा म्हणजे वाऱ्याशीं झुंज होय.

वर्तमानपत्रांतील वाद एकट्यानें वाचावयाचा. समोरासमोर बसून, पण शिस्तीनें, चर्चा करण्याची सवय लावली ती विद्यार्थ्यांच्या एका सभेनें. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेंत १८४८ सालीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन झाली. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख कार्यकर्त्यांपैकीं होते. लौकरच तिच्या देशी भाषांतील शाखा निघाल्या. मराठी शाखा ती ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचें अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे होतें. या सभांची रीत अशी कीं, एका सभासदानें निबंध लिहून आणावा, तो सभेंत वाचावा, आणि मग इतरांनीं त्यावर बोलावें. धर्म व राजकारण हे विषय वर्ज्य होते. आज हा निर्बंध कोणास भित्रेपणाचा वाटेल. पण ज्या सभेंत हिंदु, पारशी आणि युरोपियन एकत्र बसणार, आणि जिच्यांतील बहुतेकांना सार्वजनिक रीतीनें बोलण्याची पहिलीच वेळ, तिनें पोहावयास शिकतांना उथळ पाण्यांतून आरंभ केला तर त्यांत वावगें काय? आधीं लिहून आणावयाचें, या नियमाचा गुणहि मोठा होता. लिहितांना मनुष्याला स्वतःच्या विचारांतील छिद्रें दिसतात, आणि ऐकणारांना चर्चेसाठीं एक ठाम आधार मिळतो.

अशा चर्चेंतून काय निष्पन्न होऊं शकतें याचा पुरावा वर्षभरांतच मिळाला. सोसायटीच्या एका सभेंत बेहरामजी गांधी या पारशी विद्यार्थ्यानें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. त्यावर चर्चा झाली, आणि चर्चा करणाऱ्या तरुणांना असें वाटलें कीं, बोलणें झालें तेवढें पुरे नाहीं. ते घरोघर गेले, मुलींना शिकवूं द्या म्हणून आईबापांच्या विनवण्या केल्या, आणि १८४९ सालीं मराठी व पारशी मुलींसाठीं शाळा काढल्या. सभासद स्वतःच सकाळीं विनावेतन शिकवीत. पुढें नाना शंकरशेट यांनीं मराठी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्याच्या आवारांत जागा दिली. ज्या विषयावर वादी आणि प्रतिवादी हजार वर्षें शास्त्रवचनें फेकीत बसले असते, त्याचा निकाल एका निबंधानें, एका चर्चेनें आणि कांहीं तरुणांच्या पायपिटीनें लागूं लागला.

याच सुमारास त्याच मंडळींपैकीं कांहींनीं दुसराहि एक प्रयोग केला. १८४९ सालीं परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तिच्या प्रवर्तकांत होते. जातिभेद मोडावा हा तिचा हेतु उदात्त होता, पण तिचें सर्व काम गुप्तपणें चाले. दार लावून जमलेल्या समविचारी माणसांची ती बैठक होती. तेथें विरोधी मत ऐकूं येण्याचा संभव नव्हता, म्हणून आपलें मत बाहेरच्या वाऱ्यांत टिकेल कीं नाहीं याची परीक्षा कधीं झालीच नाहीं. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची वही चोरीस गेली, नांवें उघड होण्याचा प्रसंग आला, आणि सभा मोडली. तिच्यांतील कांहीं जणांनीं पुढें १८६७ सालीं प्रार्थनासमाज उघडपणें स्थापन केला, आणि तो टिकला. एकाच कालखंडांतील या दोन सभांची तुलना बोधप्रद आहे. एकीनें विषय मर्यादित ठेविले पण दार उघडें ठेविलें. दुसरीनें सर्वांत मोठ्या विषयाला हात घातला पण दार लावून घेतलें.

उघड्या दाराचें टोकाचें उदाहरण म्हणजे १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर भरलेल्या सभा. विष्णुबुवा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांचा वाद तेथें जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला. ऐकावयास लोकांची दाटी होई. येथें भिंत नव्हती, प्रवेशपत्रिका नव्हती. ज्याला ऐकावयाचें असेल त्यानें वाळूंत उभें राहावें. या वादाची हकीकत मिशनरी जॉर्ज बोवेन यांनीं इंग्रजींत त्याच वर्षीं छापली, आणि विष्णुबुवांच्या पक्षानेंहि ती मराठींत पुढें प्रसिद्ध केली. एकाच वादाचीं दोन टिपणें उपलब्ध असलीं म्हणजे अभ्यासकाला दोन्ही पडताळून पाहतां येतात. वाद जेवढा तापलेला, तेवढें त्याचें लेखी टिपण अधिक अवश्य, हें या प्रसंगानें दाखविलें.

धर्माच्या आणि रूढीच्या वादांत माणसें तापतात हें स्वाभाविक आहे. म्हणून वादानें ज्ञान कसें वाढतें हें पाहण्यास व्याकरणासारखा थंड विषय बरा. दादोबा पांडुरंग यांनीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं प्रसिद्ध केलें. पिढ्यानपिढ्या विद्यार्थी त्यावर वाढले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं 'शालापत्रकां'तून व्याकरणविषयक निबंध लिहून दादोबांच्या पुष्कळ मतांची चिकित्सा केली. तें लेखन कृष्णशास्त्र्यांच्या मृत्यूनंतर १८९३ सालीं पुस्तकरूपानें आलें. पुढें मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्याची पद्धति लक्षांत घेण्यासारखी आहे. एखादा मुद्दा आला कीं पूर्वीच्या व्याकरणकारांनीं त्यावर काय म्हटलें आहे हें दामले सांगतात, त्याची छाननी करतात, आणि मग स्वतःचा निर्णय देतात. पाऊणशें वर्षें चाललेली ही एकच चर्चा आहे, आणि तींतील तिघेहि कधीं एका सभेंत बसून भांडले नाहींत. तिघांपैकीं प्रत्येकानें आधींचें वाचलें, मान्य तें घेतलें, अमान्य तें कारण देऊन नाकारलें, आणि मराठी भाषेची समज एकेक पायरी वर गेली.

याच्या उलट चित्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत दिसलें. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे जिवलग मित्र. दोघांनीं मिळून १८८१ सालीं 'केसरी' व 'मराठा' या पत्रांच्या स्थापनेंत भाग घेतला. दोघांनीं १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस एकत्र काढले. आधीं सामाजिक सुधारणा कीं आधीं राजकीय हक्क, या प्रश्नावर त्यांचें मन फाटलें. आगरकरांनीं १८८७ सालीं 'केसरी' सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरांत 'सुधारक' काढला. यांत वाचकांचा एक लाभ झाला, हें नाकारतां येणार नाहीं. एकाच आठवड्यांत, एकाच प्रश्नावर, दोन समर्थ लेखकांचीं परस्परविरोधी मतें विकत घेऊन वाचतां येत होतीं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळीं घराघरांत जी चर्चा झाली ती या दोन पत्रांमुळेंच एवढी खोल गेली.

पण वादाचा जल्प होण्यास वेळ लागला नाहीं. शब्दांना धार आली ती मुद्द्यावरून माणसावर वळली. लेखकांनीं तापविलेल्या हवेंत वाचक त्यांच्याहि पुढें गेले. पुण्यांतल्या कांहीं लोकांनीं आगरकरांची ते जिवंत असतां प्रेतयात्रा काढली. ज्या माणसाला उत्तर द्यावयाचें त्याला मेलेला ठरविणें, याहून उत्तर देण्याच्या असमर्थतेची कबुली ती कोणती? दम्यानें खंगलेले आगरकर १७ जून १८९५ रोजीं वारले, तेव्हां ते चाळिशीच्याहि आंत होते. टिळकांनीं 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहून त्यांच्या गुणांचा गौरव केला. तो गौरव मनापासून होता यांत शंका नाहीं. पण तो ज्यानें ऐकावयाचा तोच राहिला नव्हता. वादांत प्रतिपक्षाच्या गुणांची कबुली देण्याची वेळ त्याच्या हयातींतच असते, हा धडा महाराष्ट्राला या दोन मित्रांच्या दुराव्यानें शिकविला.

आतां नागपुराकडे वळावयाचें. रेल्वे नागपुरास १८६७ सालीं पोंचली, तेव्हांपासून मुंबईपुण्याचीं पत्रें आणि त्यांतील वाद या शहरीं वेगानें येऊं लागले. परंतु वादाच्या इतिहासांतील एक मोठा प्रसंग प्रत्यक्ष येथेंच घडला. डिसेंबर १९२० मध्यें राष्ट्रीय सभेचें अधिवेशन नागपुरास भरलें. सी. विजयराघवाचार्य अध्यक्ष होते, जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष होते, आणि प्रतिनिधींची संख्या चौदा हजारांच्या वर गेली होती. प्रश्न असहकारितेचा होता. कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनांत चित्तरंजन दास यांनीं गांधीजींच्या योजनेला विरोध केला होता, आणि नागपुरासहि ते बंगालमधून प्रतिनिधींचा मोठा ताफा घेऊन विरोधाच्या तयारीनेंच आले. येथें त्यांचीं व गांधीजींचीं बोलणीं झालीं. ठरावाच्या शब्दांवर विचार झाला, दोन्हीकडून थोडें पुढें मागें सरण्यांत आलें, आणि शेवटीं असहकारितेचा मुख्य ठराव खुल्या अधिवेशनांत मांडला तो स्वतः दासबाबूंनीं. लाला लजपतराय यांनीं त्याला अनुमोदन दिलें. प्रतिपक्षाचा नेता ठरावाचा प्रवर्तक झाला. नैयायिक ज्याला वाद म्हणतात त्याचें हें फळ होय.

त्याच मंडपांत दुसरें दृश्यहि दिसलें. राष्ट्रीय सभेच्या ध्येयाच्या नव्या शब्दयोजनेला बॅरिस्टर महंमदअली जीना यांनीं विरोध केला. बोलतांना त्यांनीं 'मिस्टर गांधी' असा उल्लेख केला, आणि 'महात्मा म्हणा' असा गिल्ला मंडपांत उसळला. त्यांच्या मुद्द्यांत तथ्य होतें कीं नव्हतें याचा विचार बाजूला राहिला आणि ते गांधीजींना काय म्हणतात याला महत्त्व आलें. जीना राष्ट्रीय सभेंतून बाहेर पडले ते कायमचे. इतिहासांत एका कारणावर सगळा भार टाकणें योग्य नव्हे, आणि पुढील सत्तावीस वर्षांत जें घडलें तें नागपुरांतील एका गोंगाटानें घडलें असें कोणी म्हणूं नये. पण विरोधकाला खासगी खोलींत बसून ऐकून घेणारे आणि जाहीर मंडपांत त्याचा आवाज बुडविणारे लोक एकाच पक्षाचे, एकाच शहरांत, एकाच आठवड्यांत होते, हें मात्र विसरतां येत नाहीं. दासबाबूंना चार माणसांनीं शांतपणें ऐकलें. जीनांना हजारों माणसांनीं ऐकूं दिलें नाहीं. श्रोत्यांची संख्या वाढली म्हणजे वादाचे नियम सैल करावे लागत नाहींत. उलट ते अधिक कडक पाळावे लागतात.

नागपूरला आकाशवाणीचें केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. ध्वनिक्षेपकापुढें बोलणाऱ्याची अडचण अशी कीं, ऐकणाऱ्याला मध्येंच हात वर करतां येत नाहीं. म्हणून श्रोत्याच्या मनांत येणारी शंका वक्त्यानेंच आधीं मांडावी लागते. मोरभट आणि विल्सन यांच्या वेळचा पूर्वपक्ष येथेंहि उपयोगीं पडतो. आतां तर प्रत्येकाच्या हातांतील लहानशा यंत्रावरून दूरच्या मनुष्याला क्षणांत लिहितां येतें आणि क्षणांत त्याचें उत्तरहि येतें. 'प्रभाकरा'ला पत्र पाठविणाऱ्याला उत्तर छापून येईपर्यंत आठवडा तरी थांबावें लागे, आणि तेवढ्यांत राग निवत असे. तो अवकाश आतां टपालखातें देत नाहीं. लिहिणाऱ्यानेंच तो स्वतःला द्यावयाचा आहे.

मुलांना निबंध लिहावयास शिकवितात, भाषण करावयास शिकवितात. वाद करावयास शिकवितात तें बहुधा स्पर्धेंत जिंकण्यासाठीं, म्हणजे जल्पच. त्याऐवजीं वर्गांत एक साधा पाठ घालतां येईल. ज्या मुलाचें मत खोडावयाचें, त्याचें मत प्रथम आपण सांगावें. 'होय, मला हेंच म्हणावयाचें होतें,' असें त्यानें म्हटल्याशिवाय पुढें एक शब्द बोलूं नये. पहिल्या दिवशीं तास संपेपर्यंत एकहि मुलगा या अटींतून पार पडणार नाहीं. महिनाभरानें दोघे चौघे पडतील, आणि त्यांच्यापैकीं एखाद्याच्या ध्यानांत येईल कीं, दुसऱ्याचें मत नीट सांगतां सांगतां आपलेंच थोडें बदललें आहे.